लाँगबोला बाण जुळवायचे कसे: आधी मोजमाप, मग खरेदी, कापाकापी सगळ्यात शेवटी

लाँगबोवर, म्हणजे साध्या लांब धनुष्यावर, ४५ पाउंड लिहिलंय म्हणून ४५ चेच शाफ्ट, म्हणजे बाणाच्या काठ्या, मागवले, पिसं लावली, टोकं चिकटवली आणि आता सगळे बाण डावीकडं जायलेत, काय करू? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठनं पण विचारणारा असू दे, प्रश्न हाच असतोय. बहुतेक वेळा बाण वाईट नसतात, धनुष्य पण वाईट नसतं, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. लोक आधी खरेदी करतात, मग कापतात आणि मोजमाप शेवटी करतात. खरं कापलेला शाफ्ट परत लांब होत नाही की.

खाली जे लिहिलंय ते लाकडी शाफ्ट आणि साध्या लाँगबोसाठी, उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्यासाठी. डावखुरे असाल तर डावं-उजवं उलट धरा.

## थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचे आकडे नुसते पाठ होतील

लाँगबोमध्ये बाण धनुष्याच्या मधोमध नसतोय, मुठीच्या डाव्या बाजूला टेकलेला असतोय. त्यामुळं दोरी ओढून धरली की बाणाचं टोक किंचित डावीकडं बघत असतंय, आणि सुटताना दोरी मात्र त्याला सरळ मधल्या रेषेत ढकलते. मग बाण वाकतोय, मुठीला वळसा घालतोय आणि पुढं जाऊन सरळ होतोय. हे वाकणं किती, ते शाफ्टच्या ताठपणावर, म्हणजे स्पाईनवर (लाकडी शाफ्टचा तो पाउंडात सांगतात). जास्त ताठ बाण वाकतच नाही, डावीकडं जातोय. मऊ बाण जास्त वाकतोय, उजवीकडं जातोय. बाण जुळवणं म्हणजे हा वळसा बरोबर बसवणं.

## टप्पा १: धनुष्य आधी एका स्थितीत आणा

ज्या दोरीनं कायम मारणार तीच दोरी लावा. साधी डॅक्रॉन आणि न ताणणारी फास्टफ्लाईट, दोन्हीत फरक आहे, फास्टफ्लाईट बाणाला जोरात ढकलते म्हणून तिला ५ ते १० पाउंड जास्त ताठ शाफ्ट लागतोय. जुन्या धनुष्यावर फास्टफ्लाईट चढवू नका, बनवणाऱ्यानं चालते म्हणून सांगितलं असेल तरच.

मग ब्रेस हाईट, म्हणजे मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. लाँगबोला साधारण ६ ते ७.५ इंच, बनवणाऱ्यानं जे सांगितलंय ते धरा. दोरीला पीळ देऊन किंवा काढून ते आणा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाण दोरीवर बसतोय ती जागा, दोरीशी काटकोनात बाण जिथं येतोय त्याच्या वर साधारण अर्धा इंच ठेवून सुरुवात करा, तो नंतर हलवायचा आहेच.

चेक: नवीन दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते. म्हणून नवी दोरी लावून त्याच दिवशी बाण जुळवायला बसू नका, थोडं मारून घ्या, ब्रेस परत मोजा, ती स्थिर झाली की पुढं चला.

## टप्पा २: तुमची स्वतःची ओढ मोजा

इथंच सगळ्यात जास्त घोटाळा होतोय. धनुष्यावर लिहिलेला आकडा २८ इंच ओढीचा असतोय. तुमची ओढ २६ असेल तर ४५ पाउंडाचं धनुष्य तुमच्या हातात ४० च्या आसपास आहे, कारण एका इंचाला साधारण २ ते ३ पाउंड कमी-जास्त होतात. आपल्याकडं बरेच जण २८ पर्यंत ओढतच नाहीत, आणि हलक्या शाळकरी पोरांची ओढ तर २४-२५ च असते.

ओढ मोजायला एक लांब, न कापलेला शाफ्ट घ्या, त्यावर नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या भागाच्या) खाचेच्या तळापासून इंच-इंचाच्या खुणा करा. हातपाय मोकळे करून, थोडे बाण मारून झाल्यावर नेहमीसारखं ओढा, आणि सोबतच्या माणसाला धनुष्याच्या पुढच्या बाजूला बाणावर पेननं खूण करायला सांगा. तुम्ही स्वतः बाणाकडं बघू नका, मान वळली की ओढ बदलते. चार-पाच वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी केलं तर अजून चांगलं.

मग वजन. बाजारात लगेज मोजायचा डिजिटल काटा मिळतोय, तो दोरीला अडकवून तुमच्या ओढीपर्यंत हळू खेचा. आकडा किलोत येणार, त्याला २.२ नं गुणलं की पाउंड. म्हणजे १८ किलो आलं तर जवळजवळ ४० पाउंड. हाच तुमचा खरा आकडा, धनुष्यावर लिहिलेला विसरा.

सावधान: काट्यानं ओढताना हूक नीट अडकलाय बघा. हूक सुटला तर बाण नसताना दोरी सुटल्यासारखं होतंय, धनुष्याचा पाय, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, तडकू शकतोय आणि काटा तोंडावर येतोय.

## टप्पा ३: कुठला स्पाईन मागवायचा

आता हिशोब. तुमच्या ओढीवरच्या पाउंडांपासून सुरू करा, मग हे फरक धरा:

- बाणाची लांबी २८ इंच धरलेली असते (खाचेच्या तळापासून टोकाच्या मागच्या कडेपर्यंत). त्यापेक्षा प्रत्येक इंच लांब बाणाला ५ पाउंड वाढवा, आखूड असला तर ५ कमी करा.
- टोक १२५ ग्रेन धरलेलं असतं (ग्रेन हे वजनाचं लहान माप, १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम). त्यावर २५ ग्रेन वाढले की साधारण ५ पाउंड जास्त ताठ शाफ्ट घ्या.
- मुठीला कापलेली शेल्फ (बाण टेकायची जागा) मध्यरेषेच्या जवळ असेल तर ५ ते १० पाउंड वाढवा. शेल्फच नाही, बाण हाताच्या बोटावरच ठेवता, तर ५ ते १० कमी करा.
- फास्टफ्लाईट दोरीचं वर सांगितलंच.

एक उदाहरण घेऊ. धनुष्यावर ४५ लिहिलंय, ओढ २६ इंच, काट्यावर ४० पाउंड आले. बाण ओढीपेक्षा एक इंच लांब, म्हणजे २७, तर ५ कमी झाले, उरले ३५. टोक १२५, दोरी डॅक्रॉन, शेल्फ साधी उथळ. म्हणजे ३५ ते ४० च्या गटातले शाफ्ट मागवायचे. आणि लोक मागवतात ४५-५०, धनुष्य दणकट आहे म्हणून! मग बाण डावीकडं जाणार नाही तर काय.

हे नियम अंदाजे आहेत, तराजू नव्हे. ते तुम्हाला जवळ आणून सोडतात, बाकीचं काम मारून बघण्यातच होतंय. दोन गटांच्या मधी अडकलात तर थोडा मऊ गट घ्या असं मी सांगेन, कारण मऊ शाफ्ट कापून ताठ करता येतोय, ताठ शाफ्टला मऊ करायला मात्र जड टोक सोडून फार काही हातात नसतं.

कार्बन शाफ्टवरचे ५००, ६००, ७०० हे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, त्यात आकडा मोठा म्हणजे शाफ्ट मऊ. लाकडाच्या मापात ५०० म्हणजे ६३ पाउंडाच्या आसपास, ६०० म्हणजे ५२-५३, ७०० म्हणजे ४५. ४० पाउंडाच्या लाँगबोला ५०० चा कार्बन घेऊन बसलेले बरेच दिसतात, तो न कापता आणि पुढं भरपूर जड टोक लावूनच कसाबसा वळतोय. आणि वर्ल्ड आर्चरीच्या, म्हणजे तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या, लाँगबो गटात स्पर्धेला उतरायचं असेल तर लाकडीच बाण लागतात, ते डोक्यात ठेवा.

## टप्पा ४: आलेले शाफ्ट घरी परत मोजा

पाकिटावर ३५-४० लिहिलंय म्हणून डझनभर शाफ्ट सारखे असतात असं नाही. स्पाईन टेस्टर घरी बनतोय. एका जाड फळीवर दोन खुंट्या, मधलं अंतर बरोबर २६ इंच, म्हणजे ६६० मिमी. शाफ्ट त्यावर आडवा ठेवा, बरोबर मधी २ पाउंडाचं वजन लटकवा, म्हणजे ९०७ ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर वाळूची पिशवी भरून घेतली तरी चालतंय, दोरा आणि हूक धरून ९०७ यायला पाहिजे. वजनानं शाफ्ट किती खाली आला ते मोजा. तो आकडा इंचात घेऊन २६ ला त्यानं भागलं की स्पाईन.

मिलिमीटरमध्ये लक्षात ठेवायला: ३० पाउंड म्हणजे २२ मिमी, ३५ म्हणजे १८.९, ४० म्हणजे १६.५, ४५ म्हणजे १४.७, ५० म्हणजे १३.२, ५५ म्हणजे १२.

आपल्याकडं उद्यमबागेत मशीनशॉपवाले भरपूर, त्यामुळं डायल गेज मिळवणं सोपं वाटतंय, खरं एक बघा: नेहमीच्या डायल गेजचा प्रवास १० मिमीच असतोय आणि आपल्याला २२ पर्यंत पाहिजे. तेव्हा लांब प्रवासाचा गेज बघा, नाहीतर साधा डिजिटल व्हर्नियर घेऊन त्याच्या मागच्या पट्टीनं खोली मोजा, आधी एकदा आणि वजन लावल्यावर एकदा. तेवढं पुरतंय.

शाफ्ट कुठल्या बाजूनं ठेवायचा हे फार महत्त्वाचं. लाकडी शाफ्ट गोल फिरवून बघा, दोन बाजूंना बारीक सरळ समांतर रेषा दिसतात, आणि दोन बाजूंना भाल्याच्या टोकासारखे लांबट आकार. समांतर रेषांची बाजू वर करून मोजायचं, आणि बाण मारताना हीच बाजू धनुष्याला टेकायला पाहिजे. भलत्या बाजूनं मोजलं तर आकडा वेगळाच येतोय आणि तुम्ही चांगले शाफ्ट बाजूला टाकून देता.

एका संचात ५ पाउंडापेक्षा जास्त फरक नको. मग वजन करा, सोनारकामाच्या लहान डिजिटल काट्यावर. एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन. संचात वरचा आणि खालचा यांत २० ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आत फरक असला की बास. बाहेरचे शाफ्ट फेकू नका, सरावाला किंवा टोकं बसवून बघायला उपयोगी पडतात.

सावधान: मोजायच्या आधी प्रत्येक शाफ्ट कानाजवळ धरून हळूच वाकवा. कडकड आवाज आला, चीर दिसली, किंवा रेषा शाफ्टच्या मधेच तिरक्या बाहेर पडलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट धनुष्यावर चढवायचा नाही. सुटताना मोडलेला बाण तुमच्याच हातात घुसतोय.

### बांबूचे बाण करत असाल तर

खानापूर, जांबोटीकडं बांबूची कमी नाही, आणि स्वतःच्या किंवा ओळखीच्या बेटातला बारीक, जाड सालीचा बांबू घेऊन बाण करायला काहीच हरकत नाही. थंडीत तोडलेला घ्या, पावसाळ्यात तोडलेल्याला कीड लवकर लागते. सावलीत, आडवा ठेवून काही महिने वाळू दे. घाई करून उन्हात टाकलेला बांबू तडकतोय. वाळल्यावर निखाऱ्यावर किंवा हीट गनवर गरम करून सरळ करायचा, आधी पेरांच्या मधला भाग, मग पेरं.

बांबूचं बुड पुढं, म्हणजे टोकाकडं, आणि शेंडा नॉककडं. स्पाईन फिरवून फिरवून चारी बाजूंनी मोजा, सगळ्यात ताठ बाजूवर खूण करा, ती धनुष्याकडं. खाच पेराच्या अगदी जवळ पाडा म्हणजे चिरत नाही, आणि खाचेच्या खाली दोरा घट्ट गुंडाळून गोंदानं पक्का करा.

## टप्पा ५: नॉक आणि टोक बसवणं

शाफ्टची दोन्ही टोकं निमुळती करायची, पेन्सिलच्या शार्पनरसारखं एक टेपर टूल मिळतंय त्यानं. टोकाच्या बाजूला ५ अंश, नॉकच्या बाजूला ११ अंश. उलट केलं तर दोन्ही डळमळतात.

नॉकची खाच लाकडाच्या रेषांना आडवी छेदून जायला पाहिजे. खाच रेषांच्या बरोबरीनं गेली तर दोरीच्या दणक्यानं शाफ्ट चिरतोय. आणि बाण दोरीवर चढवल्यावर वरच्या बाजूला जे भाल्यासारखे आकार दिसतात त्यांची टोकं पुढं, निशाणाकडं बघणारी ठेवा, म्हणजे कधी मोडलाच तर चिरफळी हातापासून लांब जाते. ही एक गोष्ट पाळायला एक पैसा लागत नाही, तरी निम्म्या बाणांवर उलटी दिसते, मला त्याचंच वाईट वाटतंय.

नॉक दोरीवर किती घट्ट? बाण दोरीला लटकवा, पडायला नको. दोरीवर बोटानं टिचकी मारली की पडायला पाहिजे.

टोकं तयार मिळत नसली तर उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडनं करून घेता येतात. शाफ्टचा व्यास (११/३२ इंच म्हणजे ८.७ मिमी, ५/१६ म्हणजे ७.९ मिमी) आणि आत ५ अंशाचा टेपर हे कागदावर काढून द्या, तोंडी सांगू नका. १२५ ग्रेन म्हणजे ८.१ ग्रॅम. प्रत्येक टोक काट्यावर घालून बघा. साधं गोलसर टोकच करून घ्या, पात्याचं नको. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, आणि आपलं काम निशाण मारायचं आहे.

चेक: पूर्ण बाणाचं वजन तुमच्या खऱ्या पाउंडाला ९ ते १० ग्रेन या हिशोबानं यायला पाहिजे, ८ च्या खाली जाऊ देऊ नका. ४० पाउंडाला ३६० ते ४०० ग्रेन, म्हणजे २३ ते २६ ग्रॅम. फार हलका बाण धनुष्याला मारतोय.

## टप्पा ६: चाचणीचे बाण, कापण्याच्या आधी

सगळा डझन कापू नका. चार-पाच शाफ्ट घ्या, हिशोबाच्या लांबीपेक्षा एक इंच लांबच ठेवा. तीन बाणांना पिसं लावा, दोन तसेच उघडे. उघड्या बाणांवर पिसांच्या वजनाएवढी टेप मागं गुंडाळली तर अजून चांगलं.

पिसं खरी पाहिजेत, प्लास्टिकची नको, कारण लाँगबोमध्ये ती मुठीला घासून जातात आणि प्लास्टिक बाणाला उडवतंय. तीन पिसं, ४ ते ५ इंचाची, आणि सगळी एकाच पंखाची, सगळी डावी नाहीतर सगळी उजवी. मिसळली तर बाण भोवरत नीट नाही. टर्की किंवा बदकवर्गातल्या पाळीव पक्ष्यांची पिसं चालतात, कोंबडीची फार मऊ. रानातल्या पक्ष्यांच्या पिसांच्या भानगडीत पडू नका. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला.

निशाण म्हणून गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या घट्ट भरा. वडगाव, शहापूरकडं मागावरचं कापडाचं वेस्ट मिळून जातंय. मागं भिंत किंवा मातीचा बांध पाहिजेच, आणि मागनं कोणी येणार नाही अशी जागा.

## टप्पा ७: मारून बघणं

वारा नसताना, म्हणजे सकाळी लवकर. बेळगावच्या माळावर दुपारच्या वाऱ्यात काढलेला निष्कर्ष धरू नका. ८-१० मीटरवरनं सुरू करा, कारण उघडा बाण फार तिरका जाऊन लागला तर मोडतोय. नीट जायला लागला की १५ मीटर.

तीन पिसांचे मारा, दोन उघडे मारा, आणि फक्त कुठं लागले ते बघा. पोत्यात बाण कुठल्या कोनात उभा राहिलाय त्यावरनं ठरवू नका, चिंध्या नॉकला कशीही वळवतात.

आधी वर-खाली सोडवा. उघडे बाण पिसांच्या बाणांच्या खाली लागत असतील तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली घ्या, वर लागत असतील तर वर. एका वेळी २-३ मिमीच. खरं पॉइंट फार खाली असला तर बाणाचं मागचं टोक शेल्फवर आपटून उडतंय आणि तो वर असल्यासारखं दाखवतंय, म्हणून शंका आली की मुद्दाम जरा वर नेऊन मग खाली येत या.

मग डावं-उजवं. उघडे डावीकडं: ताठ आहेत. टोक जड करा, १२५ चं १४५, मग १६०. उघडे उजवीकडं: मऊ आहेत. शाफ्ट पाव इंच कापा, परत मारा. तुम्ही एक इंच जास्त ठेवलाय तो यासाठीच, त्यामुळं सुरुवातीला बाण मऊ दाखवणार हे गृहीतच धरा आणि घाबरून लगेच टोक हलकं करू नका.

एका वेळी एकच बदल. टोक पण बदललं, ब्रेस पण वाढवला, पाव इंच कापला पण, मग कशानं काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक बदल वहीत लिहा.

सावधान, खोटा ताठपणा: फार मऊ बाण मुठीवर आपटून डावीकडं उडतोय आणि ताठ असल्यासारखं दाखवतोय. ओळखायचं कसं? मुठीच्या बाजूला आणि शेल्फवर टाल्कम पावडर लावा, दोन बाण मारा, पावडर कुठं पुसली गेली बघा. बाणाच्या मागच्या अर्ध्या भागावर पावडर आली तर तो आपटतोय. अशा वेळी टोक जड केलं तर अजून बिघडतंय, उलट हलकं टोक लावून बघा.

१५ मीटरवर उघडे आणि पिसांचे तळहाताच्या रुंदीत यायला लागले की थांबा. त्याच्या पुढं तुम्ही बाण नाही, स्वतःची सोडण्याची चूक जुळवायला लागता. दोरी सोडताना बोटं अडकत असतील, ओढ रोज बदलत असेल, तर आधी ते सुधारा. उघडे बाण एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं जात असतील तर तो स्पाईनचा प्रश्नच नाही, सोडण्याचा आहे.

## टप्पा ८: आता बाकीचे कापा, आणि पॉलिश

चाचणीच्या बाणाची लांबी ठरली की बाकीचे त्याच मापानं कापा. बारीक दातांच्या करवतीनं, कापायच्या जागी टेप गुंडाळून, म्हणजे लाकूड फाटत नाही.

मग पॉलिश, आणि हे आपल्या भागात टाळून चालत नाही. कणकुंबी, जांबोटीच्या पावसात उघडं लाकूड ओल पितंय, जड होतंय, मऊ होतंय, वाकतंय. अथणीकडच्या कोरड्या हवेत जुळवलेला बाण जुलैत खानापुरात नेला तर तो वेगळाच उडणार. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू दे, मधी बारीक सँडपेपर. लाखेचं पॉलिश छान दिसतंय, खरं दमट हवेत ते पांढरट होतंय, म्हणून पावसाळ्यात तरी ते नको. कापलेली कड आणि निमुळता भाग विसरू नका, ओल तिथनंच आत शिरते. पिसं पॉलिश पूर्ण वाळल्यावर लावा, आणि तुमचा गोंद त्या पॉलिशवर धरतोय का हे आधी एका तुकड्यावर बघा.

बाण कोपऱ्यात तिरके टेकवून ठेवू नका, महिन्याभरात वाकतात. आडवे ठेवा किंवा उभे लटकवा. वाकलेला दिसला तर तळव्यानं घासून गरम करत हळूहळू दाब देऊन सरळ करा, एका झटक्यात नको.

पावसाळा लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एकदा, दोन उघडे बाण परत मारून बघा, सोबत ब्रेस पण मोजा. निकाल हलला असेल तर आधी ब्रेस जुन्या आकड्यावर आणा आणि परत मारा, बऱ्याच वेळा तेवढ्यानंच जागेवर येतंय, शाफ्टला हात लावायची गरज पडत नाही.